बुधीबायच्या जिभेवरचा दर्या

ये गो वनिता, अशी जवळ ये. कागदावरनं बोलावते आहे, तरी ये. आधी तुला थोडं रागवायचं आहे, बाकीचं मग. जवळा संपला की माझा नंबर तुझ्या फोनमध्ये बरोबर सापडतो, ‘हिरूआजी, पाठव ना’ म्हणून तीन-तीनदा वाजवतेस, आणि तुझी आजी गेली ते मला तिसऱ्या दिवशी सांगतेस? मी अंगणात बोंबील उलटत होते. तू म्हणालीस, ‘आजी गेली, परवा.’ मी विचारलं, ‘कुठं गेली?’ खरंच असं विचारलं मी. कारण बुधीबायला जायचं होतं ते एकाच ठिकाणी, आणि तिथं तिला मी नेणार होते… मग तू गप्प झालीस, आणि तुझ्या गप्प होण्यातनं मला कळलं. बोंबील अर्धे उलटून झाले होते, अर्धे तसेच राहिले. झालं रागवून. मला तेवढाही हक्क नाही, ते पुढे येईलच.

पेपरची ही पुरवणी वाचणाऱ्यांसाठी सांगते, म्हणजे कोण कुणाचं असा घोळ नको. वनिता ही बुधीबायची नात, कुंभवलीत एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला जाते. मी हिरा, दर्याकाठच्या मुरबे गावची, सुकी मासळी विकणारी. शाळेत गेले नाही. मासळी बांधून द्यायला रद्दीचे पेपर आणायचे, त्यावरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकले. अर्धी बातमी माझ्याकडे, अर्धी गिऱ्हाइकाच्या पिशवीत. लिहायला लागले ती त्याच्याही नंतर. तेव्हा हे लिहिणं बोलण्यासारखंच होणार, आणि उद्या कुणाच्या तरी सुकटीभोवती गुंडाळलं जाणार, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. तोंडानं सांगायला माझ्या हातात अकरा वर्षं होती, ती मी घालवली.

आमच्या किनाऱ्याहून पूर्वेला, बोईसर ओलांडून आत गेलं की डोंगर सुरू होतात. त्यातल्या एका डोंगराच्या माथ्यावर पाठमोरी आई आहे. मूर्ती नाही, शेंदूर लावलेला कमरेइतका उभा दगड. त्याचं तोंड उगवतीला. पश्चिमेला, जिथं स्वच्छ दिवशी दर्या पत्र्यासारखा चकाकताना दिसतो, तिकडे आईची पाठ. आमच्याकडे गोष्ट सांगतात ती अशी. आई ही दर्याची धाकटी बहीण. एका भाऊबिजेला ती ताट मांडून वाट बघत बसली आणि भाऊ भरतीच्या मस्तीत विसरला, आलाच नाही. ती उठली, ताट तसंच ठेवलं, आणि चालत जाऊन डोंगरावर त्याच्याकडे पाठ करून बसली. ‘तुझं तोंड बघायची नाय,’ म्हणाली. दर्या मागोमाग धावला, पण डोंगर चढणं काही त्याला जमेना. पायथ्याशी आपटला, रडला, परत फिरला. शेवटी बहिणीलाच दया आली. म्हणाली, बघणार नाय ती नायच, पण वर्षातनं एकदा तुझ्या पाण्याचा घोट पाठव, चाखून घेईन, तेवढं नातं राहू दे. तेव्हापासून चैत्रातल्या अष्टमीला आम्ही सकाळच्या भरतीचं पाणी तांब्याच्या लोटीत भरून डोंगरावर नेतो. गावातल्या अकरा घरांकडे पाळी असते, दर साली एक घर. त्या घरच्या सुनेनं लोटी हातात धरायची, वाटेत खाली ठेवायची नाही, आणि सांडली तर परत दर्यावर यायचं आणि नव्यानं भरून निघायचं. पोचायला दिवस मावळला तरी चालेल, आई थांबते.

वर ते पाणी घेते ती पायथ्याच्या पाड्यातल्या एकाच घरातली बाई. ते बुधीबायचं घर. दगडाशेजारी पाट मांडलेला असतो, त्यावर ती आईसारखीच उगवतीला तोंड करून बसते. एकदा पाटावर बसली की उठेपर्यंत, म्हणजे पाट दुसरीला देईपर्यंत, तिनं दर्या बघायचा नाही. आई बघत नाही तर तिची माणसं कशी बघतील? डोंगर चढताना एका वळणावर दर्या दिसतो, तिथं बुधीबाय पदर डोळ्यांवर ओढून चार पावलं चाचपडत चालायची. मग वर पाटावर बसून विचारायची, ‘पाणी कुणाचं?’ लोटीवाली म्हणते, ‘भावाचं.’ ती करंगळी बुडवून एक थेंब जिभेवर ठेवते आणि सांगते, ‘दर्या आला.’ तिनं सांगितल्याशिवाय ढोल वाजत नाही आणि दगडाच्या पाठीवर पाणी चढत नाही.

मी पहिल्यांदा गेले ती लग्नानंतरच्या चैत्रात, सासूबाईंच्या मागनं. पाळी दुसऱ्या घराची होती, मी नुसती गर्दीतली. बुधीबायही नवीच होती, तिची आजी वारल्यावर नुकतीच पाटावर बसलेली, माझ्याच वयाची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. उन्हानं माझा जीव अर्धा झाला होता. तिनं दुधीच्या तुंब्यातलं पाणी पुढं केलं. सासूबाईंनी मागनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मी म्हटलं, ‘उपास हाय माझा.’ बुधीबाय हसली. ‘पाण्याचा पन उपास? दर्याची पोर तू, तुला तहान नाय लागत?’ बघा, ती आमच्या हातचं पाणी सगळ्यांसमोर जिभेवर घेत होती आणि आम्ही तिच्या तुंब्यातला घोट घेत नव्हतो, आणि ह्यात काही वाकडं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की सासूबाईंनी चिमटा जरा जोरात काढला.

पुढं बोईसरच्या बाजारात आमची दोस्ती झाली. माझी मासळीची पाटी, तिची करवंदं, रानभाजी, पावसाळ्यात कोळ्याच्या भाजीच्या जुड्या… शेजारी शेजारी बसायचो. एका दुपारी मी तिला न विचारता तुंबा उचलला आणि गटागटा प्याले. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘सुटला वाटतं उपास.’ एवढंच. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं मी त्या तुंब्यातलं पाणी प्याले. ती मला दर्याबद्दल विचारायची, लहान पोर विचारतं तसं. ‘रातचा झोपतो काय गो तो?’ ‘लाट म्हंजी कशी, नदीला पूर येतो तशी?’ मी काहीबाही सांगायची. पण चवीचं बोलणं निघालं की मीच तिच्यासमोर पोर. चैत्रातला तो एक थेंब चाखून ती सांगायची, ‘अवंदा गाळ लई हाय, खाडीनं माती आणली काय?’ आणि खरंच आणलेली असायची. एका साली म्हणाली, ‘डिझेलचा वास हाय थोडा, होड्या वाढल्या काय तुमच्या?’ खरंच वाढल्या होत्या. वर्षाला एक थेंब मिळायचा तिला, त्यावर ती वर्षभर राहायची. मी दर्याच्या काठी जन्मले, आणि मला कुणी त्याची चव विचारली असती तर ‘खारट’ ह्यापलीकडे एक शब्द माझ्याजवळ नव्हता.

आता ते सांगते. टाळत टाळत इथवर आले.

अकरा वर्षांपूर्वी पाळी माझ्या घराची होती. त्याआधीच्या पाळ्या सासूबाईंनी केलेल्या, त्या गेल्यावर पहिल्यांदाच लोटी माझ्या हातात. सगळी मंडळी ढोल घेऊन मोठ्या टेम्पोतनं पुढं गेली. मी मागं छोट्या टेम्पोत, डायव्हरशेजारी, लोटी मांडीवर दोन्ही हातांत, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. बोईसर सोडलं आणि एक ट्रक आडवा आला. डायव्हरनं ब्रेक दाबला, माझं कपाळ पुढं आपटलं, पान सुटलं आणि भरतीचं सगळं पाणी माझ्या मांडीवर. लोटीच्या तळाशी चूळभरसुद्धा राहिलं नाही. डायव्हर परप्रांतातला, त्याला काय माहीत. ‘क्या हुआ मौसी?’ मी म्हटलं, ‘कुछ नाय, चलो.’ पुढं एक टपरी आली, तिथं मी त्याला थांबवलं. पाण्याची बाटली घेतली, मिठाची पुडी घेतली. ‘नमक किसलिए?’ म्हणाला. म्हटलं, ‘उलटी जैसा होता है.’ टपरीच्या मागं जाऊन लोटीत पाणी ओतलं, मीठ घातलं, बोटानं ढवळलं, चाखलं. खारट होतं. मला वाटलं, झालं.

परत गेले असते तर काय झालं असतं? दोन-अडीच तास उशीर. माणसं वर उन्हात बसली असती, थोडी करवादली असती. नियमच सांगतो, सांडली तर परत जा, म्हणजे माझ्याआधीही कुणाकुणाच्या हातनं सांडलीच असणार. पण हिराच्या हातनं पहिल्याच पाळीला सांडली, हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. आणि दुसरं… आता लपवून काय करू. लोटीत मीठ ढवळताना माझ्या मनात आलं, ह्या डोंगरातल्या बाईला काय कळणार? जिनं दर्या कधी बघितला नाही, तिला खारट लागलं की पुरे. असं आलं माझ्या मनात. जिच्या हातचं पाणी इतकी वर्षं प्याले तिच्याबद्दल आलं. सासूबाईंचा चिमटा दंडावरनं कधीच गेला होता, आत कुठंतरी तसाच होता.

वर पोचले. ‘पाणी कुणाचं?’ ‘भावाचं.’ माझा आवाज मलाच अनोळखी लागला. तिनं करंगळी बुडवली, थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले. दर साली लगेच सांगायची. त्या दिवशी बसून राहिली. ढोलवाला काठी उगारून तसाच उभा. मग तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. वाकून तिनं माझ्या लुगड्याच्या निऱ्या चिमटीत धरल्या. निऱ्या अजून दमट होत्या, कडेला मिठाचे पांढरे डाग उठले होते. ती बोटं तिनं ओठाला लावली. बायकांना वाटलं, लोटीवालीला मान दिला. मग म्हणाली, ‘दर्या आला.’ इतकं हळू म्हणाली, की ढोलवाल्यानं विचारलं, ‘काय म्हनली?’ तिनं परत सांगितलं, मोठ्यानं. ढोल वाजला. आणि मी सुटले म्हणून श्वास सोडला. खाली येऊन सगळ्यांबरोबर जेवलेसुद्धा.

त्यानंतर तिच्याजवळ एकटी बसायचं मी टाळू लागले. बाजारात माझी पाटी दोन जागा सोडून मांडायला लागले, म्हणायची तिकडे सावली चांगली आहे. नजर चुकवायची आणि हात मात्र सैल सोडायची. तिला बोंबील फार आवडायचे, निखाऱ्यावर भाजून, काट्यासकट, बाकी काही नको. मी जुड्याच्या जुड्या नेऊन द्यायला लागले. ती घ्यायची आणि ‘ठेव तिकडं’ म्हणायची. एकदा बघितलं तर माझी जुडी शेजारणीच्या घरात टांगलेली. मला राग आला. हो, मलाच राग आला. मुरब्यात येऊन चार बायकांत मी म्हटलं, ‘डोंगरची माणसं ती, दिलेलं खात नाय, माज हाय.’ बायका हसल्या. मीही हसले.

चार-पाच वर्षांमागं तिच्याकडे जेवायला बसले होते. उडदाची डाळ, नाचणीची भाकरी. माझ्या ताटातलं सगळं झकास. जुन्या सवयीनं मी तिच्या ताटातला घास उचलला तर आळणी. भाकरीही आळणी. ‘बुधे, मीठ इसरलीस गो.’ ती म्हणाली, ‘वय झालं बाय, इसरते.’ एकाच चुलीवरची डाळ, माझ्या ताटात मीठ आणि तिच्या ताटात नाही, हे कसं, एवढं विचारायला कुणी शहाणं लागत नाही. मला सुचलं नाही. मी तिला वेंधळी म्हटलं, आणि पुढच्या खेपेला मिठागरातलं जाडं मीठ घेऊन गेले, पाच किलोची पिशवी, तोंड सुतळीनं बांधून. ‘हे घे, आता इसरू नको.’ तिनं पिशवी दोन्ही हातांत घेतली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, माझी थट्टा चांगली जमली.

गेल्या चैत्रात पाड्यातल्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं, गुडघे गेले होते. पाणी चाखलं, ‘दर्या आला’ म्हणाली, आणि पाटावरनं उठली. ‘पुढल्या साली वनिता बसंल. मी मोकळी झाले.’ मग गर्दी पांगल्यावर माझा हात धरला. ‘हिरूबाय, आता मला दर्या दाखव. आता बघायला चालतो. एकदा पायाला लागू दे.’ मी म्हटलं, ‘नेते की. पण आता खवळायचे दिवस आले, पावसाळा होऊ दे.’ पावसाळा झाला. म्हटलं, मासळीचे दिवस आहेत, दिवाळी होऊ दे. दिवाळीला गेले तर ती खोकत होती. म्हटलं, खोकला जाऊ दे. तिला खोकल्याचं काही नव्हतं, तिला विचारायचं होतं. ‘तिथं चपला काढायच्या असतात काय, देवळासारख्या?’ मी म्हटलं, ‘काढायच्या. नायतर लाट घेऊन जाते.’ ती म्हणाली, ‘मग देऊळच ते.’ ही आमची शेवटची भेट. 

एक रिक्षा करायची होती, वनिता. सकाळी निघून जेवणाच्या वेळेला परत. मी का नेलं नाही, सांगते. मला ते डोळ्यांसमोर दिसायचं. ती पाण्यात उभी राहील, वाकून करंगळी बुडवेल, थेंब जिभेवर ठेवेल, आणि मग मान वर करून माझ्याकडे बघेल. ते बघणं मला सोसणार नव्हतं. म्हणून एक म्हातारी बाई दर्यावाचून ठेवली मी.

तिच्या दिवसाला आले तेव्हा मी बोंबील आणले होते, तिच्या आवडीचे, भाजून. गेलेल्या माणसाचं ताट वाढतात, त्यात ठेवायला. तू माझा हात धरलास. ‘नका ठेवू, हिरूआजी. आजी मीठ खात नव्हती.’ मी म्हटलं, ‘बीपी होतं काय तिला?’ तू म्हणालीस, ‘बीपी कुठलं. आईनं मीठ काढून घेतलं व्हतं तिचं.’ आणि मला काही कळेना बघून म्हणालीस, ‘तुमच्याकडं गोष्ट अर्धीच सांगतात वाटतं.’

अर्धीच सांगतात. पन्नास वर्षं मी अर्ध्या गोष्टीचं पाणी वाहत होते. उरलेली अर्धी तू सांगितलीस, भांडी आवरता आवरता. आई डोंगरावर आली तेव्हा तहानेनं कासावीस झाली होती. तुमच्या थोरल्या आजीनं तिला तुंब्यातलं पाणी पाजलं, म्हणून आईनं तिला शेजारी पाट दिला. पहिल्या साली भावाचं पाणी आलं तेव्हा आई म्हणाली, ‘माझा त्याच्यावर भरवसा नाय, आधी तू चाख. पण ज्या साली तू चाखून खोटं सांगशील, त्या सालापासून मीठ तुझं नाय. इथंच, सगळ्यांसमोर, खरं सांगशील तेव्हा परत देईन.’ मी तुला विचारलं, ‘कधीपासून सोडलं तिनं?’ तू म्हणालीस, ‘तुमची पाळी व्हती बघा, त्या चैत्रापासून. मी विचारलं तिला. तर म्हणाली, दर्या आला व्हता गो. खरंच आला व्हता, हिरूच्या लुगड्यात व्हता. पन मी लोटीतला म्हणून सांगितला. तेवढं खोटं माझं.’

तेवढं खोटं तिचं, म्हणे. माझं खोटं तिनं उचललं आणि अकरा वर्षं, दोन वेळा, स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. आणि त्यातून सुटायला तिला करायचं काय होतं? चैत्रात पाटावर बसल्या बसल्या एक वाक्य बोलायचं होतं. दहा चैत्र आले त्यानंतर. मी समोर गर्दीत उभी असायची. ती बोलली असती तर त्या रात्री पोटभर मिठाचं जेवली असती. पण त्या वाक्यात माझं नाव आलं असतं, म्हणून बोलली नाही. आणि मी तिला मिठाची पिशवी नेऊन देत होते, वर वेंधळी म्हणत होते…

मग तू विचारलंस, ‘लोटीत काय व्हतं, हिरूआजी? आजीनं कधी सांगितलं नाय.’ मी पाणी मागितलं, तू तिच्याच तुंब्यातनं दिलंस. प्याले आणि उठले, उशीर झाला म्हणाले. तेव्हा दिलं नाही ते उत्तर वर लिहिलंय. नळाचं का कसलं ते बाटलीतलं पाणी होतं, आणि पुडीतलं मीठ. उठताना कोपऱ्यात माझी पिशवी दिसली. सुतळीची गाठ माझ्या हातची, तशीच. वरनं हात लावला तर आत मिठाचा दगड झालेला. तू म्हणालीस, ‘आजी ठेवून द्यायला सांगायची. आई परत देईल तेव्हा हेच काढू म्हणायची, हिरूनं दिलंय.’

घरी आल्यावर मीही मीठ सोडून बघितलं. चार दिवस. डॉक्टरांनी बीपीसाठी कमी कर म्हणून सांगितलं तेव्हा नाही केलं, म्हटलं आता तरी होईल. पाचव्या दिवशी सकाळी पेजेत मीठ घातलं, आणि वाटी घेऊन दाराकडे पाठ करून बसले, सुनेला दिसू नये म्हणून. चार दिवसांपलीकडे नाही निभलं मला. तिनं अकरा वर्षं काढली आणि कुणाला कळू दिलं नाही.

हे लिहितेय म्हटल्यावर सून चिडली. ‘आई, अकरा घरं फिरून ह्या साली पाळी आपली हाय. हे छापून आलं तर लोटी देतील काय आपल्या हातात?’ मी म्हटलं, ‘नाय दिली तर नाय दिली.’ तिला वाटलं मी फार धीट झाले. कसलं धीट. बुधीबाय असताना बोलले असते तर ते काहीतरी झालं असतं. आता ज्या जिभेला मीठ परत मिळायचं होतं ती जीभच नाही. तरी चैत्रात मी वर येणार. लोटी हातात असो नसो, ढोल वाजायच्या आधी सगळ्यांसमोर सांगणार, नावासकट. गावातले कोणी हे वाचून आधीच बोलायला लागले तर बोलू देत, मला पुढचं सांगायला सोपं जाईल. आणि पाटावर तू असशील. मी आणलेलं पाणी चाखायचं की नाही, ते तू ठरव. ओतून टाक म्हणालीस तर मी परत मुरब्याला जाईन आणि नव्यानं भरून आणीन. दिवस मावळला तरी चालेल. आई थांबते.

पण त्याच्या आधी एक ऐक. कुंभवलीहून दर्या तुला हाकेवर आहे, आणि तू अजून गेली नाहीस, का, तर आजीच्या आधी नको. हे तू मला सहज सांगितलंस आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता चैत्रात पाटावर बसलीस की तुला आजीच्या वयाची होईपर्यंत बघता येणार नाही. म्हणून बोलावते आहे. सुट्टी कधी असते तुझी? त्या दिवशी ये. रिक्षा मी पाठवते, ह्या वेळी खरंच पाठवते. पिशवी तिथंच कोपऱ्यात असू दे, तिची गाठ मी डोंगरावर बोलल्यानंतर सोड. तू नुसती ये. पाण्यात उतर, गुडघ्यापर्यंत, घाबरू नको, आमचा किनारा उथळ आहे. करंगळी बुडव, चव लक्षात ठेव, तुला जन्मभर पुरवायची आहे. आणि मग मान वर करून माझ्याकडे बघ. मी नजर चुकवणार नाही.

लवकर ये गो. चैत्र जवळ आला. चपला वाळूत ठेवू नकोस, लाट घेऊन जाते. माझ्याकडे दे, मी धरून उभी राहीन.